‘चित्रकला चांगली’ असलेल्यांचं पहिलं वर्ष

महाराष्ट्रात डिझाइनच्या वाटेला लागणाऱ्या पुष्कळ मुलामुलींची सुरुवात एका सरकारी परीक्षेने होते. आधी एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे पेपर, मांडीवर ड्रॉइंग बोर्ड, शेजारी पाण्याचा डबा आणि पोस्टर कलरच्या बाटल्या. संकल्पचित्र म्हणजे दिलेल्या चौकोनात फुलं, पानं आणि भौमितिक आकार बसवायचे, सपाट रंग भरायचे आणि कडेने एकसारखी रेघ मारायची. ज्याच्या रंगात ब्रशचे पट्टे दिसत नाहीत तो वर्गात भाव खाऊन जातो. दहावीला सवलतीचे गुण मिळतात, शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहायचं काम कायमचं गळ्यात पडतं आणि घरीदारी एक वाक्य चिकटतं: “हिची चित्रकला चांगली आहे.”

ते वाक्य गाठीशी बांधून मुलगी डिझाइन कॉलेजात येते आणि पहिल्या पंधरवड्यातच तिची पंचाईत होते. चित्र काढ असं तिला कोणी म्हणतच नाही. बसथांब्यावर तासभर उभी राहा आणि लोक बसची पाटी कशी वाचतात ते टिपून आण, असं सांगतात. पाण्याने भरलेली बादली उचलताना कडी बोटांना कुठे रुतते ते दाखव. पाच काळे चौकोन घे आणि त्यांच्या वीस वेगवेगळ्या मांडण्या कर. त्यांतल्या कोणत्या मांडण्या पडल्यासारख्या वाटतात, कोणत्या तरंगल्यासारख्या, ते सांग. तिने रात्र जागून केलेलं सुबक शेडिंग बाजूला ठेवून सर शेजारच्या मुलाचा वेडावाकडा कागद उचलतात आणि त्यावर दहा मिनिटं बोलतात. त्या मुलाला धड वर्तुळ काढता येत नाही. मात्र बादलीच्या कडीवर प्लॅस्टिकची नळी का बसवतात आणि ती नळी कालांतराने का फिरायला लागते, हे त्याने बरोबर हेरलेलं असतं.

ही पुस्तिका अशा पंचाईत झालेल्यांसाठी आहे. तिचं म्हणणं थोडक्यात सांगता येतं. पहिल्या वर्षात हाताची सफाई दुय्यम असते. वस्तू वापरणाऱ्या माणसाकडे नीट बघण्याची आणि स्वतःला सुचलेलं पहिलं उत्तर बिनदिक्कत टाकून देण्याची सवय लागली, तर वर्ष सार्थकी लागलं. बाकीचं, म्हणजे सॉफ्टवेअर, रेंडरिंग, पोर्टफोलिओ, पुढच्या वर्षांत येतंच. नाही आलं तर सिनिअर शिकवतात.

बघणं म्हणजे काय, याचा भारतातला सर्वांत गाजलेला धडा एका तांब्याने दिलेला आहे. 1958 साली चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून देशभर हिंडलं. लहान उद्योगांच्या मालाचा दर्जा घसरतो आहे, त्यावर उपाय सुचवा, असं त्यांना सांगितलेलं होतं. त्यांनी जो अहवाल दिला त्याची सुरुवातच भगवद्गीतेतल्या वचनाने होते. देशात हिंडताना पाहिलेल्या वस्तूंपैकी सर्वांत श्रेष्ठ, सर्वांत सुंदर वस्तू म्हणून त्यांनी निवडला तो लोटा. ना ताजमहाल, ना पैठणी. अहवालाचा हा भाग कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा नवशिक्याच्या जास्त कामाचा आहे, कारण लोट्याची तारीफ करून लेखक थांबत नाहीत, ते प्रश्नांची फैर झाडतात. एका खेपेत किती पाणी आणायचं असतं? उचलणारा हात बाईचा की पुरुषाचा, केवढा, किती ताकदीचा? भांडं डोक्यावरून न्यायचं, कमरेवरून की हातात धरून? भरलेलं असताना तोल कुठे जातो आणि रिकामं असताना कुठे? ओतताना धार कशी पडते? आतून घासायला हात जातो का? जमिनीवर टेकवल्यावर आवाज कसा येतो? जुनं झाल्यावर मोडीत काय भाव येईल? आणि हे भांडं कुणाला भेट द्यायचं झालं तर देणाऱ्याला कसं वाटेल? हा लोटा कुणा एकाने बसून डिझाइन केलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्यांच्या असंख्य माणसांनी तो थोडाथोडा घडवत आणला, हेही ते सांगतात. या अहवालातूनच 1961 मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली.

पुण्यातल्या विद्यार्थ्याला हा धडा पुस्तकातून वाचायची गरज नाही. कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही वस्ती. हातोड्याचा आवाज आधी कानावर येतो, आळी मागून दिसते. तिथल्या बंबांवर, घंगाळांवर, हंड्यांवर जे बारीक, चमकदार, एकाला एक लागून आलेले ठोके दिसतात त्यांना नवखा विद्यार्थी नक्षी समजतो. वहीत तो लिहितोही, ‘पृष्ठभागावर सुंदर टेक्श्चर.’ कारागिराशेजारी थोडा वेळ बसलं की उलगडा होतो. तांबं तापवलं की नरम पडतं, म्हणूनच त्याला आकार देता येतो. पण नरम पत्र्याचं भांडं रोजच्या वापरात टिकायचं कसं? म्हणून आकार आल्यावर ते थंड पत्र्यावर ठोके देऊन मठारतात. प्रत्येक ठोक्यागणिक धातू तिथल्या तिथे कठीण होत जातो. पत्रा पातळ राहतो, वजन वाढत नाही आणि भांडं चेपत नाही. ठोके ओळीत का? एखादी जागा सुटली तर तीच कच्ची राहते. चमक ही त्या कामाची उपज आहे. ज्या दिवशी विद्यार्थी ‘टेक्श्चर’ हा शब्द खोडून ‘पत्रा कठीण करण्यासाठी ठोके’ असं लिहितो, त्या दिवशी त्याचं शिक्षण सुरू झालं असं समजायला हरकत नाही.

बघायला लांब जायलाच हवं असंही नाही. स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेलं कालनिर्णय घ्या. जयंतराव साळगावकरांनी ते 1973 साली सुरू केलं आणि मराठी घरात ते इतकं मुरलं आहे की ती डिझाइन केलेली वस्तू आहे हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. तारखेचा आकडा एवढा मोठा का? ओट्यापाशी उभं राहून, हात पिठाचे असताना, चष्मा नसताना तो वाचता आला पाहिजे. तिथी बारीक, कारण ती शोधणारा माणूस जवळ जाऊन वाचतो. संकष्टीच्या चौकटीत चंद्रोदयाची वेळ असते, कारण त्या दिवशी घरातल्या एकाला तरी तिची नितांत गरज असते. एकाच चौकटीत निदान तीन वाचक धरलेले आहेत आणि तिघेही एकमेकांच्या पायात येत नाहीत. शिवाय चौथी माहिती घरचेच लिहितात: दूध दोन लिटर, सिलिंडर लावला, कामवाल्या मावशी आल्या नाहीत. पान उलटलं की मागे पाककृती आणि लेख. या एका पानाचं नीट विश्लेषण करून आणणाऱ्या विद्यार्थ्याला माहितीची उतरंड म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही.

मुंबईकरांसाठी डबेवाल्यांच्या डब्याचं झाकण आहेच. 1890 साली महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या व्यवस्थेत झाकणावरच्या खुणा ब्रशने रंगवतात. मधला ठळक आकडा डबा शहराच्या कोणत्या भागात जायचा ते सांगतो; कडेच्या आकड्या-अक्षरांत पोहोचवणारा माणूस, इमारत आणि मजला; रंग आणि खुणेवरून डबा कोणत्या स्टेशनातून निघाला ते कळतं. पत्ता पूर्ण लिहिलेला नाही, ग्राहकाचं नाव तर नाहीच. फलाटावर गर्दीत, लोकल सुटायच्या आत, ज्याला जेवढं लागतं तेवढंच. दादरला किंवा चर्चगेटला सकाळी साडेअकराच्या सुमाराला उभं राहावं, झाकणांची रेखाटनं करावीत आणि मग कुणी मोकळा सापडला तर विचारावं. जेवणाच्या वेळेआधी मात्र विचारू नये.

पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयातले अडकित्ते, दिवे आणि फण्या, किंवा बुधवार-रविवारचा जुना बाजार, हेही असेच वर्ग. जुन्या बाजारात मोडका मिक्सर घ्यावा आणि पाना-पकड घेऊन उघडावा. आत काय आहे यापेक्षा ते आत कोणत्या क्रमाने गेलं असेल, हा प्रश्न महत्त्वाचा.

आता त्या काळ्या चौकोनांच्या मांडण्यांविषयी, कारण पालकांना सर्वांत जास्त खटकतात त्या याच. लाखभर फी भरून पोरगी कागद कापत बसली आहे, असं घरी वाटतं. या व्यायामांना शंभर वर्षांचा इतिहास आहे. 1919 साली जर्मनीतल्या वायमार शहरात वॉल्टर ग्रोपिअसने बाउहाउस ही शाळा काढली. कोणत्याही कार्यशाळेत पाऊल टाकण्याआधी विद्यार्थ्याने एक प्राथमिक अभ्यासक्रम पुरा करायचा, अशी तिथे पद्धत पडली. योहान्स इटेनने ती घडवली. 1923 मध्ये इटेन शाळा सोडून गेल्यावर ज्यांनी हा अभ्यासक्रम सांभाळला त्यांत योझेफ आल्बर्स होता. आल्बर्स आधी प्राथमिक शाळेत मास्तर होता आणि बाउहाउसमध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झाला तो वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. रंग विकत घ्यायला पैसे नव्हते म्हणून उकिरड्यावरच्या फुटक्या काचा गोळा करून त्याने कलाकृती केल्या. उशिरा सुरुवात झाली म्हणून हळहळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आल्बर्सच्या वर्गातली एक हकिकत त्याच्या विद्यार्थ्याने लिहून ठेवली आहे. आल्बर्स वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन वर्गात आला, प्रत्येकाला काही कागद दिले, यातून काहीतरी बनवा म्हणाला आणि निघून गेला. कात्री, डिंक शक्यतो नको. परत आला तेव्हा टेबलांवर मुखवटे होते, होड्या होत्या, किल्ले, विमानं, प्राणी होते. हे सगळं त्याने मोडीत काढलं: या गोष्टी लाकडाच्या, मातीच्या, धातूच्या जास्त चांगल्या होतात, मग कागद कशाला? त्याला एकच काम पसंत पडलं. एका हंगेरियन तरुणाने कागदाला उभ्या घड्या घालून तो टेबलावर पडद्यासारखा उभा केला होता. एवढंच. लोळणारा, ढिला कागद केवळ एका घडीने ताठ उभा राहतो, आणि मग ज्या कडेकडे कुणी बघत नाही ती कडच भार पेलते, हे त्या तरुणाने दाखवलं होतं.

ही परंपरा भारतात आली ती वळणावळणाने. बाउहाउस 1933 मध्ये नाझींच्या दडपणाखाली बंद पडलं. तिथला विद्यार्थी माक्स बिल हा 1953 मध्ये सुरू झालेल्या, जर्मनीतल्याच उल्म शहरातल्या डिझाइन शाळेचा पहिला प्रमुख झाला. मुंबईच्या सर जे. जे. कला शाळेतून, म्हणजे जेजेमधून, निघालेले सुधाकर नाडकर्णी उल्मला जाऊन शिकले आणि परत आल्यावर 1969 साली आयआयटी मुंबईत सुरू झालेल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरच्या, म्हणजे आयडीसीच्या, उभारणीत त्यांचा मोठा वाटा राहिला. दुसरीकडे जेजेची स्वतःची जुनी वाट होतीच. शाळा 1857 ची. 1935 मध्ये कमर्शिअल आर्टचा विभाग निघाला आणि 1961 मध्ये उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली. पहिली वाट यंत्राकडून आणि वापराकडून येते, दुसरी जाहिरात, अक्षर आणि छपाईतून. आजच्या विद्यार्थ्याला दोन्हींचा वारसा आहे. बी.डेस. श्रेष्ठ की बी.एफ.ए. यावर होस्टेलात होणाऱ्या भांडणांना त्यामुळे फारसा अर्थ नाही. पहिल्या वर्षाचे व्यायाम दोन्हीकडे बरेचसे सारखे असतात.

कागद उभा करायचा तर हत्यारं लागतात, आणि इथे नवी मुलं पैसे घालवून बसतात. यादी मिळते आणि वडील सगळी यादी एका फेरीत आणून टाकतात. थांबावं. कार्ट्रिज पेपर, 2बी आणि 4बी पेन्सिली, एक चांगली स्टीलची पट्टी, कटर, कटिंग मॅट आणि फेव्हिकॉल इतक्यावर पहिला महिना निघतो. पट्टी प्लॅस्टिकची घेऊ नये. कटरचं पातं तिच्यात शिरतं, पट्टी खराब होते आणि मग बोट कापतं. पातं बोथट झालं की जोर लावायला लागतो आणि अपघात जोर लावतानाच होतात, म्हणून पात्याचं टोक वेळच्या वेळी तोडावं. माउंट बोर्ड एका दमात कापायला जाऊ नये. पहिली फिरवणी हलकी, नुसती वाट आखण्यापुरती, मग तीनचार वेळा त्याच रेषेतून. अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत अब्दुल रेहमान स्ट्रीटवर घाऊक भावात कागद मिळतो. चौघांनी मिळून आणला की स्वस्त पडतो. टी-स्क्वेअर, रोटरिंगची पेनं वगैरे शेवटच्या वर्षातल्यांकडे धूळ खात पडलेलं असतं. लॅपटॉपची घाई तर मुळीच करू नये. कोणती शाखा घेणार हे ठरल्याशिवाय कोणता घ्यायचा हेच कळत नाही.

मग येते ज्युरी, म्हणजे कामाचं समोरासमोर परीक्षण. भिंतीवर कामं टाचलेली, समोर तीन शिक्षक, बाहेरून आलेले एक पाहुणे, आणि दोन रात्री न झोपलेला विद्यार्थी. बोलायला तोंड उघडलं की तो वकील होतो: मी असं केलं कारण तसं होतं. शिक्षक म्हणतात, इथे नजर अडकते. तो म्हणतो, मुद्दामच अडकवली आहे. बाहेर आल्यावर मित्रांना सांगतो, “सरांना आवडलं नाही.” आवडण्याचा तिथे प्रश्नच नसतो. नजर अडकली ही माहिती आहे, फुकट मिळालेली. बाजारात तीच मिळवायला कंपन्या पैसे मोजतात. अनुभवी शिक्षक साधा उपाय सुचवतात. आपली ज्युरी चालू असताना मित्राला वही घेऊन बसवावं आणि जे जे बोललं जाईल ते जसंच्या तसं उतरवून घ्यायला सांगावं. त्या क्षणी कानात फक्त अपमान शिरतो. झोप झाल्यावर वाचलं की त्यातली निम्मी वाक्यं उपयोगाची निघतात. उरलेल्या निम्म्यांपैकी काही खरोखरच चुकीची असतात. शिक्षकही थकतात, त्यांचेही हट्ट असतात. सगळं ऐकावं, सगळं मानावं असं नाही.

पहिलं उत्तर टाकून द्यायचं म्हणजे किती काटछाट करायची, याचं उत्तम उदाहरण आज प्रत्येकाच्या खिशात आहे. 2010 साली रुपयाचं चिन्ह ठरलं. तीन हजारांवर प्रवेशिका आल्या, पाच शेवटच्या फेरीत गेल्या आणि आयडीसीत पीएच.डी. करणाऱ्या डी. उदय कुमार यांचं चिन्ह निवडलं गेलं. त्यात देवनागरी ‘र’ आहे आणि उभा दांडा काढून टाकलेला रोमन ‘आर’ही आहे, वरची रेघ शिरोरेषेची आठवण देते. स्पर्धेसाठी लोकांनी त्यात सिंह, चक्र, कमळ, नाणं असं काय काय घातलं असेल याची कल्पना करता येते. निवडलेलं चिन्ह मात्र शाळकरी पोराला दोन-तीन फटकाऱ्यांत लिहिता येतं. पण हेही बघावं की चिन्ह जाहीर झालं म्हणून काम संपलं नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकांच्या सामाईक अक्षरयादीत, त्याला जागा मिळावी लागली, ती त्याच वर्षी मिळाली. मग फॉन्टांत ते बसवावं लागलं, कीबोर्डवर कळ द्यावी लागली. आणि मंडईतला भाजीवाला पाटीच्या तुकड्यावर अजूनही 40 पुढे आडवी रेघ आणि दांडी मारून मोकळा होतो. त्याची काहीच अडचण होत नाही. नव्या वस्तूला जुन्या सवयीशी किती दिवस शेजार करावा लागतो, हे त्या पाटीवर दिसतं.

अक्षरांचा विषय निघालाच आहे, तर मराठी विद्यार्थ्यांच्या एका खोडीविषयी सांगायला हवं. पोस्टर आधी इंग्रजीत रचायचं आणि शेवटच्या रात्री त्याच चौकटीत मराठी ओतायचं. रोमन अक्षरांसाठी ठेवलेल्या ओळींच्या अंतरात वेलांट्या वरच्या ओळीला भिडतात, उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतात, आणि ‘ल’ व ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात. मग विद्यार्थी म्हणतो, देवनागरीत डिझाइन चांगलं दिसत नाही. दिसेल कसं? र. कृ. जोशी यांनी जन्मभर याच प्रश्नावर काम केलं. जाहिरात क्षेत्रात नाव मिळवल्यावर ते आयडीसीत शिकवायला गेले. वेलकमग्रुपच्या हॉटेलांचं जोडलेल्या हातांचं बोधचिन्ह त्यांचं, आणि विंडोजबरोबर येणारा मंगल हा फॉन्टही त्यांचाच. सरकारी अर्ज संगणकावर भरलेल्या पुष्कळांनी नकळत त्यांची अक्षरं वाचलेली आहेत. मराठी नाटकांच्या आणि चित्रपटांच्या जाहिरातींत शीर्षकाची अक्षरंच नाटकाचा स्वभाव सांगतील अशी रेखाटणारे कमल शेडगे हे दुसरं विद्यापीठ. जुन्या वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिराती काढून बसावं आणि गंभीर नाटक कोणतं, फार्स कोणता हे नाव न वाचता ओळखावं. शिवाय हाताने अक्षरं लिहावीत, बोरूने किंवा कटनिबने, रोज पानभर.

एक व्यावहारिक सूचनाही. फ्लेक्सच्या दुकानात कोरल ड्रॉ आणि श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांचं राज्य असतं. युनिकोडमधली फाइल तिथे उघडली की जोडाक्षरं फुटण्याची भीती असते. अक्षरांचं रेषाचित्र करूनच फाइल पाठवावी.

उसनवारी हा नाजूक विषय आहे आणि 2025 सालाने तो वर्गात आणून ठेवला. जून महिन्यात मिलानमध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये उघडउघड कोल्हापुरी वळणाच्या चपला झळकल्या आणि कोल्हापूरचा उल्लेख कुठेच नव्हता. कोल्हापुरी चपलेला 2019 पासून भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. गदारोळ झाला, कंपनीने भारतीय हस्तकलेची प्रेरणा मान्य केली, तिची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. विद्यार्थ्यांनी त्या वेळी समाजमाध्यमांवर भरपूर राग काढला, ते ठीकच. पण त्याच महिन्यात पिंटरेस्टवरून वारली नाच उचलून कापडी पिशवीवर छापणाऱ्यांत हेच विद्यार्थी असतात. वारली चित्रातला लग्नाचा चौक सवाष्णी लिहितात, त्यात पालघट देवी असते, तिच्याशिवाय लग्न लागत नाही. डहाणूच्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणली. एवढं ठाऊक असलेला विद्यार्थी पिशवीवर छापण्याआधी निदान घुटमळेल. संदर्भ घ्यावा, उघड सांगावा, आणि शक्य असेल तिथे त्या माणसांना भेटावं.

चित्रं काढून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं आता प्रत्येक होस्टेलच्या खोलीत पोहोचली आहेत, आणि त्यांना बंदी घालून काही साधत नाही. ती मिनिटभरात चाळीस पोस्टरं देतात. त्यांतलं कोणतं बसथांब्यावरच्या आजीला वाचता येईल, हे ठरवायला मात्र बसथांब्यावर उभं राहिलेलं माणूस लागतं. शिक्षकही आता अंतिम कामापेक्षा आधीच्या कच्च्या कागदांना जास्त गुण देऊ लागले आहेत. कच्चे कागद फेकू नयेत.

नोकरी लागेल का, हा घरचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं एका वाक्यात उत्तर नाही. मोटारी, मोबाइल अ‍ॅप, वैद्यकीय उपकरणं, पॅकेजिंग, प्रकाशनं, ॲनिमेशन, प्रदर्शनं अशा नाना ठिकाणी डिझाइनर लागतात; पण पहिल्या वर्षात शाखा ठरवून टाकली की बाकीची दारं बघितलीच जात नाहीत. एनआयडीसारख्या ठिकाणी पहिलं वर्ष सर्वांना एकत्र ठेवतात ते यासाठीच.

पगार मिळायच्या आधी गिऱ्हाईकं मिळतात, तीही घरचीच. कॉलेज सुरू होऊन दोन-तीन महिने होतात न होतात तोच गणपती येतात आणि मंडळाचे कार्यकर्ते दारात उभे राहतात: “तू डिझाइन शिकतोयस ना? मग सजावट तुझ्याकडे.” महाराष्ट्रात 2018 पासून थर्मोकोलच्या मखरावर बंदी आहे, बजेट नाही, मांडव चार दिवसांवर, आणि मूर्ती दारातून आत जाईल एवढी जागा मोकळी ठेवायची. हा कुठल्याही कॉलेजच्या ब्रीफपेक्षा, म्हणजे नेमून दिलेल्या कामापेक्षा, खरा ब्रीफ आहे; वेळ असेल तर घ्यावा. दिवाळीनंतर मावशी लग्नपत्रिका घेऊन येतात आणि ते काम आणखी अवघड. निमंत्रक कोण, आजोबांचं नाव वर की कुलदैवताचं, मोठ्या काकांच्या आधी धाकट्यांचं नाव गेलं तर काय होईल, मुहूर्त कुठे, जेवण कुठे, आणि सर्वांत खाली ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी बोबडी भाचरं. पंचेचाळीस नावं, एक कागद, आणि प्रत्येक नावामागे एक मान. अक्षरांचा आकार किती कमी-जास्त केला की कोण रुसतं, हे तिथे प्रत्यक्ष कळतं. पैसे मिळण्याची शक्यता कमी, जेवण नक्की. छपाईला देण्याआधी तिथी, वार आणि तारीख कालनिर्णयाशी ताडून बघावी आणि आडनावं मावशींकडून सही घेऊन पक्की करावीत.